अप्पांनी सांगायची सोडलेली गोष्ट

अप्पा, परवा तुमच्या शोकसभेत लोक हसले.

शेवटी रंगारावकाका बोलायला उभे राहिले होते. मद्रासच्या अंबत्तूर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आपल्या शेडच्या भिंतीला भिंत लागून त्यांची शेड, तरुणपणापासूनची तुमची मैत्री, तेव्हा शेवट त्यांनीच करायचा हे ठरल्यासारखंच होतं. आधी ते त्यांच्या तंजावरी मराठीत बोलले, ज्याला तुम्ही ‘बखरीतलं मराठी’ म्हणून चिडवायचात. मग मागे बसलेल्या कामगारांकडे वळून तमिळमध्ये बोलू लागले, आणि तमिळमध्ये त्यांनी तुमच्या बोटांची गोष्ट सांगितली.

मी ती किती वेळा ऐकली असेन. गिंडीच्या कुणा मालकाकडे तुम्ही नवखे कामगार. पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली डाव्या हाताची दोन बोटं गेली. पुढे त्या मालकाचा कारखाना बंद पडला, मशिनं विकायला निघाली, तेव्हा नेमकी तीच प्रेस विकत घ्यायला तुम्ही गेलात. मालकानं विचारलं, "ॲडव्हान्स काय देणार?" तुम्ही डावा हात वर केलात. "दोन बोटं आधीच दिलीत की. बाकीचं हप्त्यानं."

काकांनी अगदी तुमच्यासारखाच हात वर केला, बोटं दुमडून. सगळा हॉल हसला. आईसुद्धा रडता रडता हसली.

सेल्वी शेवटच्या रांगेत बसली होती. ती हसली नाही. तिचा उजवा हात पदराखाली होता. आमची नजरानजर झाली आणि आधी मीच मान वळवली.

मला तेव्हाच उठायला हवं होतं. काका, ही गोष्ट अप्पांनी सांगायची सोडली होती, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी उठले नाही. मांडीवरच्या रुमालाची घडी घालत बसले. निघताना लोक माझ्यापुढे हात जोडून, तुम्हाला ‘सर’ऐवजी तमिळ वळणाचं ‘सार’ लावत म्हणत होते, "सार असेच होते बघा, हसतमुख." मी मान हलवत होते. तुम्ही गेल्या वर्षभरात किती वेळा हसलात, हे मला माहीत असून.

म्हणून लिहायला बसले आहे. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला समजतं. पण आधी तुमच्याशी बोलल्याशिवाय मला दुसऱ्या कुणाशी खरं बोलता येईल असं वाटत नाही.

लहानपणी मला तुमच्या त्या हाताचा कोण अभिमान होता. शाळा सुटल्यावर तुम्ही स्कूटरवर न्यायला आलात की मी मैत्रिणींना ओढत फाटकापाशी आणायचे. तुम्ही अर्धं बोट नाकपुडीला टेकवून सगळं बोट नाकात गेल्याचा देखावा करायचात. पोरी किंचाळत पळायच्या आणि परत यायच्या. घरी परतताना मी तुमच्या कमरेला मिठी मारून बसायचे आणि हँडलवरच्या त्या हाताकडे बघायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्या वडिलांना असा हात नसतो.

कारखान्यात माल मोजायचात तो मराठीत. कामगार सगळे तमिळ, पण ‘एक, दोन, तीन’ सगळ्यांना यायचं. मुरुगन फिटर तर ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’ यांत अडखळला की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायचा. मद्रासमध्ये जन्मून, तमिळ शाळेत शिकून मला मराठी राहिलं ते आईच्या हट्टामुळे आणि तुमच्या त्या मोजण्यामुळे. मी इंजिनियर झाले तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले, आता एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत जाईल. तुम्ही एवढंच विचारलंत, "येतेस का आपल्याकडे? पण खुर्ची लगेच नाही मिळायची. आधी मशीनवर उभं राहायचं." माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस होता तो. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला समजलंच असेल, असं धरून चालले.

आपण काय बनवतो हे लोकांना सांगताना माझी पंचाईत व्हायची. ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर. गाडीच्या पोटात कुठेतरी बसणारे पत्र्याचे तुकडे, ज्यांच्यावर आपलं नाव नाही. आपला माल ओरगडमच्या एका मोठ्या पुरवठादाराकडे जायचा, तिथून गाड्यांच्या कारखान्यात. तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. रस्त्याकडेला एखादी नवी गाडी उभी दिसली की तिच्या बॉनेटवर हळूच टिचकी मारून म्हणायचात, "हिच्यात आपण आहोत." गाडीचा मालक बघत असला तरी.

मी आल्यावर आपला पहिला मोठा वाद झाला तो सेन्सरवरून. प्रेसच्या तोंडाशी दोन खांब उभे करायचे, त्यांच्यामधून डोळ्यांना न दिसणारे किरण जातात, आत हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. मला ते प्रत्येक प्रेसला हवं होतं. शिवाय पत्रा हातानं नाही, चिमट्यानंच आत ठेवायचा, असा नियमही.

"अगं, ते तेलाच्या थेंबानं थांबतं, धुळीनं थांबतं," तुम्ही इडली मोडता मोडता म्हणालात. "माशी गेली तरी थांबेल. काम करायचं का त्याची मनधरणी करत बसायचं?"

"हात जाण्यापेक्षा मशीन थांबलेलं बरं, अप्पा."

"हात सांभाळायला माणसाला डोळे दिलेत."

"ते तुम्हालाही दिले होते."

तुम्ही इतके हसलात की सांबार शर्टावर सांडलं. आई ओरडली. आणि तुम्ही सेन्सर बसवू दिलात. त्या वर्षी आयुधपूजेला मशिनं धुऊन पुसून आपण त्यांना गंध-कुंकू लावत होतो, तेव्हा तुम्ही स्वतः त्या नव्या खांबांनाही बोट लावलंत. "यांनाही लावा. रुसले तर वसू मला घरी घ्यायची नाही."

पण वाद काही मिटला नव्हता. सेन्सर थांबला की तुम्ही माझ्या केबिनच्या काचेतून आत बघायचात, भुवया उंचावून. मी न पाहिल्यासारखं करायचे.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही, म्हणून मी तो इथे नीट सांगते.

ओरगडमहून सकाळपासून फोन येत होते. त्यांच्याकडचा आपल्या ब्रॅकेटचा साठा संपत आला होता. संध्याकाळपर्यंत माल पोचला नाही तर त्यांची उत्पादनाची लाइन थांबणार होती. लाइन थांबली की पुढची ऑर्डर आपल्याला मिळणार नाही, हे तिथल्या खरेदी विभागाच्या माणसानं मला सरळ सांगितलं. मी शब्द दिला. तीनला गाडी निघेल. आणि नेमकी तिसऱ्या नंबरची प्रेस सारखी थांबत होती. सेन्सरवर तेल बसलं होतं किंवा त्याची जोडणी ढिली झाली होती. मुरुगन भावाच्या लग्नाला गावी गेला होता, त्याच्याशिवाय ते उघडून बघायला कुणी नव्हतं.

मी केबिनचं दार उघडलं, कानाला फोन तसाच, आणि शेडभर ओरडले, "काय वाटेल ते करा, पण तीनची गाडी चुकता कामा नये!" एकदा नाही, पुन्हा पुन्हा ओरडले. तीन म्हणजे तीन, असं काहीतरी.

थोड्या वेळानं तुम्ही माझ्या काचेसमोरून गेलात. हातात किल्ल्यांचा जुडगा होता. डायच्या, म्हणजे साच्यांच्या, स्टोअरमध्ये ठेवलेला तो जुडगा कशासाठी काढतात, हे मला माहीत होतं. सेन्सर बंद करायची किल्ली त्यातच होती. मी तुम्हाला पाहिलं. मी फोनवर होते. मी बोलत राहिले.

प्रेस चालू झाली. तिचा ठोका एकसारखा येऊ लागला आणि मला हायसं वाटलं. ठोका ऐकून प्रेसची तब्येत ओळखायला तुम्हीच शिकवलं होतंत. म्हणून मला आधी किंकाळी नाही ऐकू आली. आधी ठोका चुकलेला ऐकू आला.

मी पोचले तेव्हा तुम्ही त्या प्रेसवर काम करणाऱ्या सेल्वीला धरून होतात. खांद्यावरचा टॉवेल तिच्या हाताला गुंडाळून, तो हात वर धरून. गाडीत मागच्या सीटवर तुम्ही तिच्याशेजारी बसलात. दवाखाना येईपर्यंत तिला एकच सांगत होतात, "काही नाही होत, बाळा, काही नाही होत." मराठीत. तिला मराठी एक ते शंभरच येत होतं. मी गाडी चालवत होते, आणि तुम्ही भाषा विसरलात हे तुमच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

कारखाना निरीक्षक आला तेव्हा मुरुगन गावाहून परतला होता. निरीक्षक यायच्या आधी तो तुम्हाला हळूच म्हणाला, "सार, सेन्सर बिघडला होता, एवढंच सांगू. खोटं कुठे आहे त्यात? बिघडलाच होता." तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिलात.

निरीक्षकानं विचारलं, "सेन्सर चालू होता?"

मुरुगननं घसा खाकरला. "सार, तो आधीपासूनच जरा..."

"बंद होता," मी म्हणाले. "किल्लीनं बंद केला होता."

"कुणी?"

"माझ्या वडिलांनी."

तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. ती नजर मला रोज आठवते. राग नव्हता तिच्यात. राग असता तर बरं झालं असतं. भर रस्त्यात कुणी अंगावरचा सदरा ओढून काढल्यावर माणूस जसा बघेल, तसे तुम्ही बघत होतात. मग तुम्ही निरीक्षकाकडे तोंड केलंत. "होय. मीच बंद केला."

घरी जाताना गाडीत तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं केलंस." ते कौतुक होतं की आणखी काही, मला अजून ठरवता आलेलं नाही. घरी आईला कळलं, ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बापाचं नाव घ्यायला जीभ कशी रेटली तुझी?"

"जे खरं तेच सांगितलं," मी म्हणाले.

खरं होतं ते, अप्पा. आजही तीच वेळ आली तर मी तेच सांगेन. पण निरीक्षकानं ‘का बंद केला’ असं विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. कोर्टात गुन्हा कबूल करतानाही नाही. लोकांच्या लेखी मी वडिलांनाही न सोडणारी प्रामाणिक मुलगी झाले. इस्टेटमधल्या एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन तसं म्हटलं. मी तो हात सोडवून घेतला नाही.

दवाखान्यातून सोडल्यावर सेल्वीला भेटायला आपण दोघं तिच्या घरी गेलो. आवडी स्टेशनच्या पुढे, दोन खोल्यांचं घर. नवरा नाही, सासू आणि कॉलेजात जाणारी मुलगी. तिच्या सासूनं आपल्याला खुर्च्या दिल्या. सेल्वी पलंगावर बसली होती, हाताला बँडेज. मी आणलेली सफरचंदं मुलीच्या हातात दिली. तिनं ती घेतली आणि कुठे ठेवावीत हे न कळल्यासारखी उभी राहिली.

 तुम्ही माफी मागायला आला होतात. कारमध्ये मनातल्या मनात तमिळ वाक्यं जुळवत होतात, ओठ हलत होते तुमचे. पण तिच्या हाताकडे बघितल्यावर ती वाक्यं गेली कुठेतरी. तुम्ही घाबरलात. आणि घाबरल्यावर तुमच्याकडे एकच गोष्ट होती, आयुष्यभर सगळीकडे चाललेली.

तुम्ही डावा हात वर केलात. "सेल्वी, बघ. माझीही गेली होती. गिंडीला. मी काय केलं माहीत आहे? त्याच मालकाकडे गेलो आणि..."

त्या क्षणी तुमचं तोंड हातानं बंद करावं असं मला वाटलं, अप्पा. जमिनीत गडप व्हावं असं वाटलं. मी तुमची मुलगी आहे, याचीच लाज वाटली. हे लिहितानाही हात अडतोय, पण वाटली.

सेल्वीनं तुम्हाला पुरं बोलू दिलं. ती गोष्ट तिला माहीत होती, दर आयुधपूजेला तिनं ती ऐकली होती, हसलीही होती. तुम्ही हप्त्यांपर्यंत आलात आणि थांबलात, लोक हसतात तिथे.

"सार," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तुमची बोटं गेली, मग तुम्हाला मशीन मिळालं. मशिनामागून कंपनी मिळाली. माझी गेली. मला काय मिळणार, सांगा."

बाहेर कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता. सासूनं सुनेला गप्प करायचा प्रयत्न केला. तुमचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं तुम्हाला सुचत नव्हतं. शेवटी मी तो धरून खाली घेतला.

"माफ कर," तुम्ही म्हणालात.  सासूनं कॉफी आणली. आपण ती प्यायलो, कारण न पिता निघणं आणखी वाईट दिसलं असतं.

त्यानंतर ती गोष्ट मी तुमच्या तोंडून ऐकली नाही.

कारखान्यातही तुम्ही आला नाहीत. "तू बघतेसच की," म्हणालात. मी आग्रह केला नाही. मला बरं वाटलं, हेही खरं. मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी तुम्ही मंचावर असायचात, आरतीला टाळ तुमच्या हातात. त्या वर्षी तुम्ही मागच्या खुर्चीवर बसलात, डावा हात पँटच्या खिशात. कुणीतरी टाळ पुढे केले, तर तुम्ही नुसती मान हलवलीत. माझा ओम तुमच्याजवळ येऊन म्हणाला, "आजोबा, नाकात बोट घालायची जादू दाखवा ना." तुम्ही म्हणालात, "विसरलो रे मी ती." मी दोन पावलांवर होते. तुमच्या खिशातून तो हात काढून मी माझ्या हातात घ्यायला हवा होता. लहानपणी मला त्याचा किती अभिमान होता, हे तेव्हा सांगायला हवं होतं. ओमला म्हणाले, "आजोबांना त्रास देऊ नकोस."

सेल्वी काही महिन्यांनी कामावर परत आली. प्रेसवर नाही, तपासणीच्या टेबलावर. तिथे बसून तयार ब्रॅकेटच्या कडा बघायच्या, खराब बाजूला काढायचे. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डब्यातला भात चमच्यानं खात होती. उजव्या हातानं कालवता येत नव्हता आणि चारचौघांत डाव्या हातानं खायचं नव्हतं. बाकीच्या बायका मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या. मी माझा डबा घेऊन केबिनमध्ये परत गेले. मला तिथे जेवता आलं नसतं.

मी तिच्याशी बोलताना आता ‘नींगळ’ म्हणू लागले होते, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या आलं. "मॅडम, इतकी वर्षं मी ‘नी’ होते," ती म्हणाली. "बोटं गेल्यावर मान वाढला का?" आजूबाजूच्या बायका हसल्या. ती हसून म्हणाली होती, म्हणून मीही हसले. पण मग मला कुठलंच संबोधन वापरता येईना. तिला हाक न मारता, नुसतं समोर जाऊन उभं राहून मी काम सांगू लागले.

हे सगळं तुम्हाला घरी येऊन सांगावं असं फार वाटायचं. पूर्वी कारखान्यातली प्रत्येक गोष्ट आपण जेवताना बोलायचो, आई वैतागायची. आता तुम्ही ‘ठीक चाललंय?’ विचारायचात आणि मी ‘ठीक’ म्हणायचे.

गेलात त्या आठवड्यात एकदा तुम्ही बाल्कनीत बसला होतात. मी ऑफिसमधून येऊन तुमच्याजवळ बसले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा बीप बीप आवाज येत होता. तुम्ही तिकडे बघत होतात. मग म्हणालात, "वसू, त्या दिवशी फोनवर तू..."

"अप्पा, आता नको," मी म्हणाले. "गोळी घेतलीत का?"

"घेतली."

 मी उठून कपडे बदलायला गेले. एवढंच होतं ते.

ते वाक्य तुम्हाला कसं पुरं करायचं होतं, ते मला माहीत नाही. मी रोज वेगवेगळं पुरं करून बघते. फोनवर तू ओरडत होतीस म्हणून मी किल्ली घेतली. फोनवर तू शब्द दिला होतास, तो मोडू नये असं वाटलं. फोनवर तू होतीस, तुझा काही दोष नाही. यातलं शेवटचं मला तुमच्या तोंडून ऐकायला हवं असतं, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवायची मला लाज वाटते. तुम्ही मला रागावणार होतात, असंही असू शकतं. तो तुमचा हक्क होता. मी तोही तुमच्याकडून काढून घेतला.

काल कारखाना पुन्हा सुरू झाला. तुमच्या फोटोला हार घातला, मुरुगननं कापूर लावला. चहाच्या सुट्टीत बायका बाहेर गेल्या तेव्हा सेल्वी टेबलावरच होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. सकाळपासून ठरवत होते.

"सेल्वी," मी म्हणाले. "त्या दिवशी फोनवर मी होते. तीनची गाडी म्हणून ओरडत होते ती मी. अप्पांनी किल्ली फिरवली ती माझं ओरडणं ऐकून. मी हे कुणालाच सांगितलं नाही. निरीक्षकालाही नाही."

ती अंगठ्यानं एका ब्रॅकेटची कड चाचपत होती. थांबली नाही.

"मला माहीत आहे, मॅडम."

"अप्पांनी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी तिथेच नव्हते का?" तिनं ब्रॅकेट बाजूच्या ट्रेमध्ये टाकला आणि दुसरा उचलला. "तुमचा आवाज सगळ्या शेडला ऐकू येत होता. चिमट्यानं वेळ लागतो. तुम्ही इतक्या घायकुतीला आलात, म्हणून मी चिमटा ठेवला आणि हातानंच भराभर घालायला लागले. म्हटलं, मॅडमनी शब्द दिलाय."

अप्पा, हे तुम्हाला माहीत होतं का? दवाखान्यात पहिल्या दिवशी तिच्या उशाशी तुम्ही एकटेच बसला होतात, मी औषधं आणायला गेले होते. तिनं तेव्हाच सांगितलं का तुम्हाला? बाल्कनीत तुम्हाला हेच बोलायचं होतं का? की मला हे कधी कळू नये म्हणून तुम्ही इतके दिवस सगळं आपल्या अंगावर घेऊन गप्प बसला होतात, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तुम्हाला ते जड झालं?

मी काही बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते, आठवत नाही. माफी असावी. सेल्वीनं वर बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या खिडकीकडे.

"उजेड अडतोय, मॅडम," ती म्हणाली. "कड दिसत नाही. जरा बाजूला व्हा."

मी बाजूला झाले.